धूर, अग्नी आणि टाळेबंदी

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि चार तासांत, म्हणजे रात्री बारापासून, सारा देश बंद झाला. शके १९४२ चा पहिला दिवस उजाडला तो रिकाम्या रस्त्यांवर. रेल्वे बंद, कारखाने बंद, बांधकामे बंद, शाळा-कॉलेजे तर आधीच बंद झालेली. सुरुवातीला एकवीस दिवस म्हणून सांगितलेले हे प्रकरण मुदतवाढ होत होत ३१ मेपर्यंत लांबले. आज आम्ही या काळातल्या फक्त एका गोष्टीविषयी बोलणार आहोत, ती म्हणजे हवा.

त्या दिवसांतल्या बातम्या आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंजाबातल्या जालंधर शहरातून धौलाधारची बर्फाळ शिखरे दिसू लागली. लोक गच्चीवर उभे राहून फोटो काढत होते. ‘नासा’च्या उपग्रहांनी सांगितले की उत्तर भारतावरच्या हवेतले सूक्ष्म कण वीस वर्षांतल्या नीचांकावर आहेत. आपल्या पुण्यात पाषाणला जी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिचा ‘सफर’ नावाचा हवेच्या मोजणीचा प्रकल्प आहे. दिल्ली, मुंबई, पुणे आणि अहमदाबाद या शहरांची हवा तो मोजतो. त्याने मार्चअखेरीस आकडे दिले. सूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते दिल्लीत ३० टक्क्यांनी उतरले होते. वाहनांच्या धुरातून मुख्यतः येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड मुंबईत ३८ टक्क्यांनी, पुण्यात ४३ टक्क्यांनी आणि अहमदाबादला ५० टक्क्यांनी.

आणि मग ते निरोप सुरू झाले. आपल्या प्रत्येकाच्या फोनवर आले असतील. ‘निसर्ग बरा होतोय.’ ‘माणूस हाच खरा विषाणू.’ सुशिक्षित माणसे हे एकमेकांना पाठवत होती, फुलांच्या चित्रासकट! आम्हाला तेव्हाही ते वाक्य टोचले होते आणि आजही टोचते. ते निर्दय आहे म्हणून तर टोचतेच, पण त्याहून अधिक, ते चुकीचे अनुमान आहे म्हणून. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, त्यामुळे दुसरे काही जमले नाही तरी चुकीचे अनुमान चटकन दिसते.

कारण कसे ओळखायचे, याला आपल्या परंपरेत एक जुनी कसोटी आहे: अन्वय आणि व्यतिरेक. हे असले की ते असते, हा अन्वय. हे नसले की ते नसते, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हेच वेगळ्या रीतीने मांडले. दोन प्रसंग घ्या. बाकी सगळे सारखे आणि फरक एकाच गोष्टीचा. मग परिणामातला जो फरक, तो त्या गोष्टीमुळे. ऐकायला सोपे आहे. पण शहराच्या हवेवर हा प्रयोग करायचा कसा? मोटारी नसलेली मुंबई आणायची कुठून? म्हणून २०२० मध्ये जगभरचे हवामानाचे अभ्यासक एकदम सरसावून बसले. जे कोणी कधी मुद्दाम करू शकले नसते, ते आपोआप घडले होते.

असा न ठरवलेला प्रयोग याआधीही झालेला आहे, आणि तो फार सुंदर आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. अमेरिकेत यूटा राज्यात डोंगरांनी वेढलेले एक खोरे आहे. तिथे एक मोठा पोलाद कारखाना होता. कामगार आणि मालक यांच्यातल्या वादात १९८६ च्या ऑगस्टमध्ये तो बंद पडला आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झाला. म्हणजे मधला एक अख्खा हिवाळा धुराविना गेला. तिथल्या विद्यापीठात आर्डन पोप नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉक्टर नव्हेत, बरं का, अर्थशास्त्री. त्यांनी इस्पितळांचे दाखले काढून मोजले. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा आणि ब्राँकायटिस यांसाठी भरती होणाऱ्या मुलांची संख्या ही बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. १९८९ मध्ये हा निबंध आला आणि हवेतल्या कणांचा आरोग्याशी संबंध जोडणाऱ्या पुढच्या कितीतरी संशोधनाची वाट त्याने मोकळी केली. आता यातली मेख पाहा. त्या खोऱ्यात बदलले काय? फक्त कारखाना. शाळा चालू होत्या, इस्पितळे चालू होती, लोक कामाला जात होते, हिवाळाही होता. मिलने सांगितलेली अट जवळजवळ पुरी झाली होती.

टाळेबंदीत ती झाली होती का? मुळीच नाही. तिथे सगळेच एकदम बदलले. दम्याचे रोगी इस्पितळात कमी आले, हे खरे. पण ते हवा सुधारली म्हणून, की मुखपट्टी लावली म्हणून, की मुले शाळेत जाऊन एकमेकांचा खोकला घेत नव्हती म्हणून, की इस्पितळात पाऊल टाकायलाच लोक घाबरत होते म्हणून? वेगळे काढता येत नाही. आरोग्याच्या बाबतीत हा एवढा अवाढव्य प्रयोग यूटातल्या त्या छोट्या खोऱ्याइतकेही स्पष्ट बोलत नाही.

हवेच्या बाबतीतही जपून बोलावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर भारताची हवा दरवर्षीच सुधारते. हिवाळ्यातला तो जमिनीलगत कोंडलेला थर ऊन वाढले की वर उठतो आणि धूर वर पसरायला जागा मिळते. शिवाय २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. मार्च महिन्यासाठी हा विक्रम होता. पावसाने धुतलेली हवा टाळेबंदीच्या खात्यावर जमा करायची नाही ना! बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे बीजिंग, वुहान, लंडन, न्यूयॉर्क, दिल्ली अशी अकरा शहरे घेऊन पाऊस, वारा, तापमान यांचा वाटा वजा केला. २०२१ च्या सुरुवातीला त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बदल खरा होता, एकाएकी झालेला होता, पण डोळ्यांना वाटला तेवढा मोठा नव्हता.

म्हणजे या प्रयोगाला काही किंमत नाही का? आहे, मोठी आहे. पण ती जे उतरले त्यात कमी आहे, आणि जे उतरले नाही त्यात जास्त.

पुण्याचेच पाहा. नायट्रोजनचे ऑक्साइड ४३ टक्क्यांनी उतरले, हे मघाशी सांगितले. त्याच दिवसांत, त्याच ‘सफर’च्या मोजणीत, पुण्याचे पीएम २.५ उतरले अवघे १५ टक्के. रस्ते ओस, बांधकामे थांबलेली, उद्योग बंद, आणि माणसाच्या फुप्फुसात सगळ्यांत खोल जाणारा तो कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढा, तो मात्र पुष्कळसा जागच्या जागी. का बरे? नायट्रोजनचे ऑक्साइड इंजिनाच्या तापलेल्या पोटात तयार होतात आणि काही तासांत हवेतून नाहीसे होतात. इंजिन थांबले की आकडा पडतो. कणांचे तसे नाही. ते हवेत कित्येक दिवस राहतात, शेकडो किलोमीटर वाहत येतात, आणि त्यांतले बरेच तर कण म्हणून जन्मतच नाहीत. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रातून गंधकाचा वायू निघतो, शेतातून आणि गोठ्यातून अमोनिया येतो, आणि या दोघांचा वाटेत हवेतच कण बनतो. वीजकेंद्रे टाळेबंदीत पूर्ण थांबलेली नव्हती. मागणी घटली तरी घराघरांत दिवे आणि पंखे चालू होते. आणि चुली? त्या तर कुणीच थांबवल्या नव्हत्या. भारताच्या हवेतल्या सूक्ष्म कणांत घरगुती जळणाचा वाटा चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघतो. कोट्यवधी बायका त्या दिवसांतही लाकूड, गोवऱ्या आणि काडीकचरा जाळून रांधत होत्या. उलट सगळी माणसे घरात, म्हणजे चूल जास्त वेळ पेटलेली. ‘घरात राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य त्या स्वयंपाकघराला उद्देशून नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी विचारतो की साधन कुठले आहे. इथे साधन म्हणजे मोजणीचे यंत्र, आणि ते चौकात असते; चुलीपाशी नसते. चौकातली हवा इतिहासात आली. उज्ज्वला योजनेतल्या घरांना एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत तीन सिलिंडर फुकट द्यायचा निर्णय सरकारने घेतला होता. हवेच्या दृष्टीने पाहिले तर त्या काळातली ही फार महत्त्वाची गोष्ट, पण त्याचे फोटो काही कुणी गच्चीवरून काढले नाहीत.

चीनमध्ये तर याहून विचित्र घडले. वुहान २३ जानेवारी २०२० ला बंद झाले, पाठोपाठ देशाचा मोठा भाग. उपग्रहाच्या नकाशात नायट्रोजनचा लाल डाग पुसला गेला, ते चित्र जगभर फिरले. आणि त्याच काळात बीजिंगवर दाट धुरके दाटले! वारा पडलेला, हवा दमट, वीजकेंद्रे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने चालूच, आणि वर रसायनशास्त्राची एक गंमत. मोटारीच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड जमिनीजवळचा ओझोन खातो. मोटारी थांबल्या, खाणारा गेला, ओझोन वाढला. आणि त्या वाढलेल्या ओझोनने कण तयार होण्याला हातभारच लावला. दिल्लीसकट जगातल्या अनेक शहरांत त्या वसंतात ओझोन वाढलेला दिसतो. हा ओझोन वर स्थितांबरात आपला रक्षक आहे, खाली फुप्फुसाला तो जाचकच.

आता आमच्या आवडत्या जागेवर येतो. न्यायशास्त्रातले घासून गुळगुळीत झालेले उदाहरण आपल्याला माहीत आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. पण नैयायिक पुढे विचारतात, उलटे चालेल का? अग्नी आहे, म्हणून धूर असणारच? नाही. तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीपासून धूर होतो तो कशामुळे? ओल्या जळणाच्या संयोगामुळे. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. उपाधी ध्यानात घेतली नाही तर अनुमान फसते.

‘माणसे कामाला लागली की हवा बिघडते, माणसे थांबली की सुधारते’ हे नेमके तसे फसलेले अनुमान आहे. मधली उपाधी गाळली गेली. माणसाची हालचाल म्हणजे अग्नी, आणि ओले जळण म्हणजे आपण काय जाळतो आणि कसे जाळतो ते. टाळेबंदीने अग्नीच विझवला, आणि आम्ही म्हणालो, बघा, धूर गेला! आणि तरीही सगळा गेला नाही. दिल्लीत घसरण होऊनसुद्धा सूक्ष्म कण जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेच्या, म्हणजे चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम, हिच्या वरच राहिले. आपली स्वतःची मर्यादा ६० ची आहे, म्हणून आपल्याला हवा ‘चांगली’ दिसत होती.

जळण बदलून हवा सुधारल्याचा इतिहास आपल्याकडे आहे, आणि तो लांबचा नाही. मुंबईत गिरण्यांच्या धुराचा त्रास इतका झाला होता की १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. कलकत्त्यात त्याआधी, १९०५ मध्ये, झाला होता. पण कायद्याहून मोठी गोष्ट घडली ती १९१५ मध्ये, खोपोलीला. लोणावळ्याकडच्या तलावांतले पाणी घाटाखाली उतरवून टाटांच्या कंपनीने वीज तयार केली, आणि कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या हळूहळू त्या विजेवर जाऊ लागल्या. गिरणी चालू, कामगाराचा पगार चालू, आणि त्या चिमणीतला धूर तेवढा बंद. लोखंडाचा तापलेला गोळाच म्हणा ना.

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती. पण त्याच विजेची भूक वाढली आणि धरणासाठी मुळशी पेट्याकडे दृष्टी गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला, आणि शेवटी जमीन पाण्याखाली गेलीच. मुंबईच्या गिरणीची वीज मावळातल्या शेतकऱ्याने भातखाचर देऊन भरली. आम्ही या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण स्वच्छ हवेचे बिल कुणाच्या नावावर फाडले जाते, हा प्रश्न पर्यावरणाच्या व्याख्यानांत सहसा विचारला जात नाही.

दुसरे उदाहरण आपल्या हयातीतले आहे. दिल्लीच्या हवेविषयी एम. सी. मेहता या वकिलांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९९८ च्या जुलैमध्ये न्यायालयाने बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला आणि २००२ अखेर ते झाले. मुंबईतही धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने लाल समिती नेमली, आणि या शतकाच्या सुरुवातीला जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. टॅक्सीवाल्यांची कुरकुर झाली, गॅससाठी रात्र रात्र रांगा लागल्या. पण टॅक्सी धावत राहिली.

आणि टाळेबंदीत? टाळेबंदीच्या निळ्या आकाशाचे बिल कुणी भरले, हे सगळ्यांनी पाहिले आहे. मुंबई-नाशिक रस्त्यावर डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर घेऊन चालणारी ती माणसे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे रुळांवरून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून ते दमून रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. जालन्याच्या भट्ट्या थंड होत्या, हवा स्वच्छ होती. ‘निसर्ग बरा होतोय’ हे वाक्य आम्हाला का टोचते, ते आता वेगळे सांगायला नको.

पुढचे लवकर सांगून टाकतो, कारण ते आपण रोज नाकाने अनुभवतो. १ जूनपासून टाळे उघडू लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, दिवाळीला, दिल्लीची हवा पुन्हा ‘गंभीर’ श्रेणीत होती. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात हवा एवढी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कोळशाच्या वीजकेंद्रांनी गंधक काढणारी यंत्रे बसवावीत असा नियम २०१५ च्या डिसेंबरात झाला होता. दोन वर्षांत व्हायचे होते. मुदती वाढत गेल्या, आणि २०२५ च्या जुलैत बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. पुण्याच्या त्या पंधरा टक्क्यांनी जे बोट दाखवले होते, त्याकडे पाहायचे नाही असे ठरल्यासारखे झाले.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘सर, महिन्यातून दोन दिवस सक्तीची टाळेबंदी ठेवली तर काय हरकत आहे?’ प्रश्न भाबडा नाही, पुष्कळांच्या मनात तो आहे. हरकत अशी की दोन दिवसांत नायट्रोजनचा आकडा उतरेल आणि सूक्ष्म कण हसतील. दिल्लीने २०१६ च्या जानेवारीत सम-विषम नंबरांच्या गाड्यांचा पंधरवडा करून पाहिला. त्याचा हवेवर नेमका किती परिणाम झाला, यावर अजून वाद आहेत. आणि दुसरी हरकत, ते दोन दिवस हातावर पोट असलेल्याला कोण देणार? आपल्याला पेन्शन आहे, आपण गच्चीवर जाऊ.

त्यापेक्षा मुंबईच्या बेकऱ्यांकडे पाहा. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने सांगितले की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जावे. या भट्ट्यांत पुष्कळदा जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड जळते, रंग आणि पॉलिशसकट, कारण ते स्वस्त. म्हणजे नैयायिकांचे ओले जळणच. हे बदलायला हवे यात शंका नाही, आणि पाव बंद न करता ते होऊ शकते. पण भट्टी नवी घ्यायची तर एका छोट्या बेकरीवाल्याला ते लाखांत पडते. तो खर्च त्याने सोसायचा, की महापालिकेने, की वडापाव खाणाऱ्याने लादीमागे दोन-चार रुपये जास्त देऊन? आमचे मत विचाराल तर, जो शहराची हवा घेतो त्या प्रत्येकाने थोडे थोडे, आणि भट्टीवाल्याने सगळ्यांत कमी. वेळ संपली आहे असे संयोजक खुणावत आहेत. उरलेल्या चिठ्ठ्या आम्ही घरी घेऊन जातो. उत्तरे पुढच्या वेळी.